पीक जमिनीखाली असतं

पूस्तिनेन, आइली मारिया. स्त्री. अविवाहित. पंथ : लुथरन. पद : पियानोवादन शिक्षिका, तात्पुरती. मुदत : पुढील आदेश होईपर्यंत. पात्रता : हेल्सिंकी येथे प्रथम जाहीर वादन झालेले, अध्यापनाचे प्रमाणपत्र नाही. प्रकृती : निरोगी. स्वभाव : सहकार्यशील. विद्यार्थ्यांच्या हातांच्या निगेसंबंधी संस्थेने काढलेल्या परिपत्रकाचे पालन करते.

हा मजकूर हाउकिपेरा संगीत विद्यालयाचे मुख्याध्यापक तापानी लिंद्रूस यांनी तोंडी सांगितला आणि कारकून हिल्काने तो टाइप केला. 'सहकार्यशील'पाशी हिल्काची बोटं थांबली.

"हे लिहू?"

"लिही."

"नाही, वाचणारा माणूस बाहेरगावचा आहे म्हणा. पण तरी..."

"हिल्का, लिही."

हिल्काने लिहिलं. मग शेवटचं वाक्य ऐकून तिने विचारलं, "मी नुसती टाइप करणारी आहे, असं खाली कुठे टाकता येईल का?"

आमच्या सावो प्रांतातल्या माणसाचं हे असंच. तो बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते, असं आपल्याकडे म्हणतात. लिंद्रूस तुर्कूहून आलेले असल्यामुळे गेली तीन वर्षं सगळ्या जबाबदाऱ्या गोळा करत होते.

माणूस वाईट नव्हता. हा खोटेपणा ते आइलीबाईंसाठीच करत होते. सरकारने गावोगावच्या संगीत विद्यालयांना अनुदान द्यायचं ठरवलं होतं. अनुदानापाठोपाठ निरीक्षक येणार होता आणि निरीक्षकाच्या अहवालावरून तात्पुरते शिक्षक एक तर कायम होणार होते किंवा घरी जाणार होते. बाईंकडे प्रमाणपत्र नव्हतं. त्यांच्याकडे विद्यार्थी होते, आणि बटाट्याचं शेत होतं. अडचण त्या शेताचीच होती.

बाईंचे वडील ओत्तो पूस्तिनेन दुग्धालयात दुधाचे कॅन वाहून नेत. गावचा डॉक्टर वारला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ओत्तोने पियानो घेतला. का घेतला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "होता तिथे." फेब्रुवारीत घोड्याच्या घसरगाडीवर घालून तो तळ्यावरून आणला. बर्फ वजन पेलेल की नाही यावर अख्ख्या गावाने काठावर उभं राहून वाद घातला. बर्फाने पेललं. घराच्या जमिनीने नाही. पियानोचा एक पाय फळीतून आत गेला, त्याखाली ओत्तोने दगड सरकवला आणि विषय मिटवला. तो पियानो जन्मभर खर्जाच्या बाजूला कललेला राहिला. बाईंचा डावा हात जड पडतो याचं मूळ पुष्कळ जण त्या दगडात शोधतात.

पुढे पोरगी हेल्सिंकीला शिकायला गेली. आपल्याकडची रीत अशी की ज्याला पियानोवादक म्हणवून घ्यायचं असेल त्याने राजधानीत एक सभागृह भाड्याने घ्यायचं, तिथे पहिला जाहीर कार्यक्रम करायचा, तिकिटं नातेवाइकांना घ्यायला लावायची आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय येतं याची वाट बघायची. चार ओळी चांगल्या आल्या तर पुढचं आयुष्य. नाही आल्या तर गाव आहेच. आइली पूस्तिनेनचा कार्यक्रम पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात झाला. शेवटी तिने एक जर्मन सोनाटा वाजवला, मोठा, तिन्ही भाग. सकाळी छापून आलं :

'कुमारी पूस्तिनेन यांनी सोनाटा बटाट्याच्या वरंब्यासारखा उकरला. पीक मात्र दिसलं नाही. ला. हि.'

पेपर तिच्याआधी गावात पोचला. ती गाडीतून उतरली तेव्हा हमाल एमिलने तिची बॅग उचलली आणि मान न वळवता म्हणाला, "जड आहे. पीक इथे भरलंय वाटतं."

घरी वडिलांनी कात्रण कापून दुधाच्या हिशेबाच्या पाटीवर डिंकाने डकवलं होतं. चिडून नव्हे. ओत्तोला ती स्तुती वाटली होती. बटाटे उकरणं हे त्याच्या दृष्टीने साधं काम नव्हतंच. वरंब्याला बाजूने भिडायचं, एकही बटाटा चिरू द्यायचा नाही, वेल झटकून मागे टाकायचा. त्याच्या मते हे जमणारी माणसं सगळ्या जिल्ह्यात हातावर मोजण्याइतकी होती, आणि त्यातली एक त्याच्या घरात जन्मली होती.

"उकरलंस म्हणतोय," ओत्तो म्हणाला. "छापून आलंय."

"बाबा, पुढचं वाक्य वाचा."

ओत्तोने वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

"दिसलं नाही म्हणतो. मग? पीक जमिनीखाली असतं. वरून बघणाऱ्याला कसं दिसणार?"

आइली त्या दिवशी हसली की रडली याबद्दल घरातल्यांचं एकमत नव्हतं. पण हेल्सिंकीचं परतीचं तिकीट तिने काढलं नाही. ओत्तो गेल्यावर तिने ते कात्रण पाटीवरून वाफ देऊन सोडवलं, चौकटीत बसवलं आणि पियानोच्या वर, जिथे दुसरी शहाणी माणसं एखाद्या दाढीवाल्या संगीतकाराचं चित्र लावतात तिथे, टांगलं. पुढे विद्यालय निघालं, बाईंना वर्गखोली मिळाली, आणि पियानोच्या आधी ती चौकट तिथे गेली.

बाईंची शिकवण्याची पद्धत शेतातून सुरू व्हायची. सप्टेंबरअखेरीस शाळांना बटाटेकाढणीची सुट्टी लागते. ट्रॅक्टर आल्यापासून त्या सुट्टीत मुलं झोपा काढतात, पण सुट्टी चालू आहे. बाईंच्या विद्यार्थ्याने मात्र त्या सुट्टीत बाईंच्या शेतावर यायचं. दाताळं घ्यायचं. दिवसभर वरंबे उकरायचे. जो येणार नाही तो त्या वर्षी परीक्षेला बसणार नाही. शब्द एवढेच : "माती नाही, तर परीक्षा नाही."

कारण विचारणाऱ्याला त्या सांगत. "मनगटाने दाताळं ओढलंस तर दुपारी मनगट दुखेल. उद्या आपोआप पाठीने ओढशील. पियानोचंही तेच आहे. पियानो तुला सांगत नाही, बटाटा लगेच सांगतो."

हे कारण खरं होतं. हिवाळाभर बटाटे लागतात आणि तात्पुरत्या शिक्षिकेचा पगारही तात्पुरताच असतो, हे दुसरं कारणही खरं होतं. ते बाई कुणाला सांगत नसत, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना पद्धत वाटायची आणि ती पद्धत नव्हती. तो जर्मन सोनाटा बाई शिकवत. प्रत्येक स्वर त्यांना पाठ होता. अडलं की उजव्या हाताने वाजवून दाखवत, मग डाव्या हाताने. दोन्ही हात एकत्र कधीच नाही. पंचावन्न सालच्या त्या संध्याकाळनंतर कुणाच्याही देखत नाही. चौकट भिंतीवर ठेवायला जेवढी हिंमत लागते तेवढी बाईंकडे होती. तिच्याखाली बसून तो सोनाटा वाजवायला जी लागते ती त्यांनी अजून आजमावली नव्हती, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

या सगळ्यात ओर्वोक्की आली. ओर्वोक्की ही गावातल्या औषधदुकानदार सांदेलिनची मुलगी. हात लोकरी मोज्यांत घालून शिकायला येई आणि मोजे काढले की असं वाजवी की हिल्का शेजारच्या खोलीत टाइप करायची थांबे. दर सप्टेंबरात तिला ताप यायचा. दुकान घरचंच असल्याने ताप वेळेवर येई आणि वेळेवर उतरे, आणि बाईंच्या नियमाने तिची परीक्षा दर वर्षी हुके. त्या वर्षी ती एकदम सर्वांत वरच्या परीक्षेला बसणार होती. तोच सोनाटा वाजवणार होती. आणि परीक्षा घेणार होता सरकारी निरीक्षक.

सांदेलिन बाईसाहेब उन्हाळ्यातच विद्यालयात येऊन गेल्या.

"माझ्या मुलीची बोटं ही बोटं आहेत," त्या म्हणाल्या, "दाताळ्याचे दात नव्हेत."

"तेच म्हणते मी," आइलीबाई म्हणाल्या. "दात असते तर कणखर असते."

"हे मी मुख्याध्यापकांच्या कानावर घालीन."

"घाला. पण जरा मोठ्याने बोला, ते तुर्कूचे आहेत. आमच्याकडचं त्यांना उशिरा कळतं."

लिंद्रूसना कळलं आणि परिपत्रक निघालं : संस्थेच्या विद्यार्थ्यांनी हातांना इजा होऊ शकेल असे शेतीकाम करू नये, शिक्षकांनी त्यास उत्तेजन देऊ नये. परिपत्रकावर सगळ्या शिक्षकांनी वाचल्याची सही केली. आइलीबाईंनी सहीच्या जागी लिहिलं, 'वाचलं.' लिंद्रूस परिपत्रक घेऊन वर्गात आले. नवी लाट म्हणून ते सगळ्यांशी एकेरीत बोलत. सगळ्यांनी त्यांच्याशीही तसंच बोलावं अशी त्यांची इच्छा होती, पण बाईंनी ती अजून पूर्ण केली नव्हती.

"आइली, तू समजून घे. ओर्वोक्की नसेल तर निरीक्षकाला दाखवायला आपल्याकडे काय आहे?"

"इतर मुलं आहेत."

"इतर मुलं लहान आहेत. बोटं मोजत वाजवतात."

"लहान असताना मोजतातच."

"ऐक. हा माणूस लिहील त्यावर तू राहणार की जाणार ते ठरणार आहे. तुझं प्रमाणपत्र नाही. एकदाच, या वर्षीपुरतं, त्या मुलीला सोड. नियमाला अपवाद असतोच की."

"ती चांगली वाजवते, लिंद्रूससाहेब. मनगटाने वाजवते. दोन वर्षांत मनगट जाईल. मग औषध काय, घरातच आहे."

लिंद्रूसनी हात टेकले. जाता जाता भिंतीकडे बोट दाखवलं. "निदान ती चौकट तरी काढ."

"का?"

"निरीक्षक कोण येतोय ते कळलं का तुला?"

"कळलं. लाउरी हिएताला."

"ला. हि."

"मला वाचता येतं."

"मग?"

"मग त्यांनाही येत असेल."

लिंद्रूस गेल्यावर बाईंनी चौकटीला हात लावला. खिळ्यावरून जरा उचलली. मागे भिंतीवर फिकट चौकोन पडला होता. चौकट काढली असती तर तो चौकोन आणखीच बोलला असता. त्यांनी ॲप्रनच्या टोकाने काच पुसली आणि चौकट पुन्हा खाली सोडली. वाकडी बसली. तशीच राहू दिली.

काढणीच्या दिवशी पहाटे दव गोठलं होतं आणि बटाट्याचे वेल काळे पडले होते. बर्चची झाडं पिवळी होऊन निम्मी झडली होती. मुलं रबरी बूट घालून वरंब्यांवर ओळीने लागली. एमिल आता रेल्वेतून निवृत्त झाला होता. शेजारी म्हणून पोती बांधायला आला होता, आणि खरं तर बोलायला. ओर्वोक्कीचा पत्ता नव्हता.

"ताप आला असेल," एमिल म्हणाला.

"बोलू नकोस, बांध," बाई म्हणाल्या.

त्या वरंब्यावर वाकल्या होत्या. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही ही शेतीची एक सोय आहे. ओर्वोक्कीशिवाय उद्याची परीक्षा म्हणजे लहान मुलांची बोटमोजणी, आणि तिच्यानंतर घरचा रस्ता. हे त्यांनी आडवं उभं सगळं मोजून पाहिलं होतं. शब्द मागे घ्यायला अजून वेळही होता. दुकानात फोन होता. एमिलच्या घरात फोन होता. बाईंनी पुढचा वेल उपटला, झटकला आणि मागे टाकला.

मग दुकानदाराची निळी गाडी शेताच्या कडेला येऊन उभी राहिली. स्टिअरिंगमागे सांदेलिन बाईसाहेब, काचा वर. मागचं दार उघडून ओर्वोक्की उतरली. आईचे रबरी बूट, वडिलांचं जुनं जाकीट. ती सरळ बाईंकडे आली, मोजे काढून खिशात कोंबले आणि म्हणाली, "मला ताप नाही."

"मग ते दाताळं घे."

"आई म्हणते, एक बोट जरी सुजलं तर..."

"सुजणार नाही. दुखेल. जा, तिसरा वरंबा."

बाईसाहेब गाडीतच बसून राहिल्या. इंजिन बंद केलं नाही. मधूनच गाडी नुसती गुरगुरायची.

त्यानंतर थोड्याच वेळात रस्त्याने एक माणूस येताना दिसला. हातात सुटकेस, पायात शहरी बूट, डोक्यावर टोपी. हाउकिपेराला हेल्सिंकीकडची बस आठवड्यातून ठरावीक दिवशीच येते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते, म्हणून निरीक्षक परीक्षेच्या आदल्या दिवशीच पोचले होते. बसथांब्यावर कुणीतरी सांगितलं होतं की विद्यालयातली माणसं आज शेतावर आहेत.

कामावर आलेल्या माणसाला आपल्याकडे 'या, बसा' म्हणत नाहीत. रिकामं दाताळं कुठे आहे तिकडे फक्त नजर टाकतात. बाईंनी नजर टाकली. लाउरी हिएताला यांनी सुटकेस बांधावर ठेवली. बूट काढले. एमिलने ओत्तोचे जुने रबरी बूट गोठ्यातून आणून पुढे केले. सरकारी निरीक्षकाने ते पायांत चढवले, बाह्या दुमडल्या आणि ओर्वोक्कीच्या शेजारच्या वरंब्यावर उभा राहिला.

सगळे बघत होते. शहरी माणूस पहिल्या घावात बटाटा चिरतो, हे ठरलेलं असतं. एमिलने बोलायला तोंड उघडूनही ठेवलं होतं.

हिएतालांनी वरंब्याला बाजूने दाताळं घातलं. ओढलं. माती दोन्हीकडे सुटली आणि बटाटे एकामागून एक वर आले, एकही न चिरता. वेल झटकून मागे. पुढचा. पाठ वाकलेली, मनगट सरळ, आणि वेग असा की शेजारची मुलं मागे पडली. एमिलने तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हेल्सिंकीत कुठे शिकलात हो हे?"

"हेल्सिंकीत नाही. लापुआजवळ. आम्ही सहा भावंडं, आणि बाकी सगळे बटाटे."

"मग पळालात?"

"पळालो."

"बरं केलंत. बटाटा पळत नाही. पण येतो मागून."

ओर्वोक्की चोरून त्यांच्या पाठीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिची पाठही तशी वाकली. गाडीचं इंजिन बंद झालं. सांदेलिन बाईसाहेब उतरल्या. त्यांच्या दृष्टीने आता मोठाच पेच होता : जे काम सरकार स्वतः टोपी घालून करतंय, ते निषिद्ध आहे असं म्हणायचं कुणाला? त्या एमिलजवळ आल्या आणि म्हणाल्या, "पोत्याचं तोंड कुणीतरी धरायला पाहिजे का?"

"धरायला माणूस आहे," एमिल म्हणाला. "पण तो मीच आहे. धरा."

दुपारी शेताच्या कडेला जाळावर कॉफी झाली. वेलचीचे गोड पाव, राय धान्याच्या भाकरीत भाजलेले छोटे मासे, ताक. नंतर तळ्याकाठी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापली. आधी बायका, मग पुरुष. निरीक्षक आणि एमिल आत किती वेळ होते आणि काय बोलले ते माहीत नाही. लिंद्रूस संध्याकाळी धावत आले. शेतभर मोडलेलं आपलं परिपत्रक त्यांनी पाहिलं, निरीक्षकाच्या पायांतले बूट पाहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काही न बोलता कॉफी घेतली. गावात रुळायला त्यांना तीन वर्षं लागली असं म्हणतात, ते या कॉफीवरून.

दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी हिएताला वर्गखोलीत आले. बाई पियानोचं झाकण पुसत होत्या. निरीक्षक भिंतीपाशी उभे राहिले, चष्मा वर केला आणि चौकटीतलं वाचलं. वाकडी चौकट त्यांनी सरळ केली.

"माझं आहे."

"हो."

"मला आठवत नव्हतं. म्हणजे वाक्य आठवत होतं, माणूस आठवत नव्हता."

"मला दोन्ही आठवत होतं."

क्षमा मागायची वेळ होती ती. हिएतालांनी मागितली नाही. बाईंनी वाट पाहिली नाही.

परीक्षा झाली. लहान मुलांनी बोटं मोजत वाजवलं, जसं वाजवतात तसं. मग ओर्वोक्की बसली. तिचे हात अजून मातकट होते, नखांच्या कडा काळ्या, आणि पाठ दुखत असावी, कारण ती पहिल्यांदाच पाठ वापरून बसली होती. सोनाट्याच्या पहिल्या भागात ती दोनदा चुकली. पूर्वी ती कधी चुकत नसे. पण पूर्वी खालचे स्वर तळापासून येत नव्हते, ते आता आले. मागच्या बाकावर सांदेलिन बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. का ते त्यांनाच माहीत.

हिएतालांनी काहीतरी टिपून घेतलं. मग पेन्सिल खाली ठेवून बाईंकडे वळले.

"दुसऱ्या भागात डावा हात वर येतो ते, तुम्ही कसं सांगता मुलांना?"

बाईंनी बाकावर बसून डावा हात वाजवून दाखवला.

"आणि उजवा?"

उजवा दाखवला.

"एकत्र?"

खोलीत हिल्का होती, लिंद्रूस होते, मुलं होती, बाईसाहेब होत्या. ओर्वोक्की पानं उलटायला उभी होती. ती म्हणाली, "बाई एकत्र वाजवत नाहीत. ती पद्धत आहे त्यांची."

"पद्धत नाही," आइलीबाई म्हणाल्या. "सवय आहे."

आणि त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात केली. हात थंड होते. पहिल्या पानावर डावा हात उजव्यावर चढला, लहानपणच्या कललेल्या पियानोवर चढायचा तसाच. त्यांनी तो उतरवला नाही. इतकी वर्षं तो हलका करायचा त्या एकट्याने घरी प्रयत्न करत आल्या होत्या, आणि आता त्यांना त्याचा कंटाळा आला होता. त्यांनी सोनाटा उकरला. मुळापासून, बाजूने, ढेकळं फोडत, तिन्ही भाग. बोटं आता पंचावन्न सालची नव्हती. दोन ठिकाणी स्वर गळाले आणि त्यांनी त्यांच्यासाठी थांबायचं नाकारलं. शेवटचा स्वर गेल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि वर चौकटीकडे नाही, माणसाकडे पाहिलं.

हिएतालांनी पेन्सिल उचलली आणि काही न लिहिता पुन्हा खाली ठेवली. आपल्याकडे याचा अर्थ वाईटही होतो आणि चांगलाही.

"तेव्हा असंच वाजवलं होतंत," शेवटी ते म्हणाले. "आता आठवलं."

"असंच. तेव्हा माझ्याकडून तसं होत होतं. आता मी तसं करते."

"मग पहिलं वाक्य बरोबर आहे माझं."

"पहिलं बरोबर आहे. दुसरं चूक."

"दुसरं..." हिएतालांनी चौकटीकडे पाहिलं. "दुसरं मी लिहिलं, कारण ते वाक्य चांगलं होतं."

"आहेच चांगलं. उगीच नाही चौकटीत ठेवलं."

"काढणार नाही म्हणता?"

"का काढू? खाली मुलं बसतात. त्यांना वाचू दे आणि मग वाजवू दे. ज्याला घाबरायचंय त्याने लहानपणीच घाबरून घ्यावं."

निरीक्षक हसले, किंवा लापुआकडे ज्याला हसणं म्हणतात ते त्यांनी केलं. मग टोपी घेतली. बस गाठायची होती. दारात एमिल उभा होता, हातात एक पिशवी घेऊन. पिशवीत बटाटे होते. सरकारी माणसाने भेट घ्यायची नसते, म्हणून एमिलने ती त्यांना दिली नाही, त्यांच्या सुटकेसजवळ ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "ही कुणाची तरी राहिलीय."

नाताळाआधी अहवाल आला. लिंद्रूसनी तो उभ्यानेच वाचला आणि मग हिल्काला मोठ्याने वाचून दाखवला. बाईंना बोलावलं होतं, त्या कोट न काढता दारात उभ्या होत्या. विद्यालयाची एकूण स्थिती समाधानकारक. ओर्वोक्की सांदेलिन हिने हेल्सिंकीला पुढील शिक्षणासाठी अर्ज करावा अशी शिफारस. शिक्षिका पूस्तिनेन यांची पदावर कायम नेमणूक करावी. हातांच्या निगेसंबंधीच्या परिपत्रकाचे पालन होते किंवा कसे, याची निरीक्षकाने स्वतः जागेवर जाऊन खातरजमा केली असून त्यास आक्षेप नाही.

"कशाला आक्षेप नाही?" हिल्काने विचारलं. "परिपत्रकाला, की..."

"टाइप कर," लिंद्रूस म्हणाले. मग दाराकडे वळून म्हणाले, "अभिनंदन, आइली."

"बरं," बाई म्हणाल्या. जायला वळल्या, थांबल्या. "तापानी, तुझ्याकडे जागा आहे का रे थोडी?"

हाउकिपेरा संगीत विद्यालयाच्या दप्तरी आता नोंद आहे ती अशी. पूस्तिनेन, आइली मारिया. पद : पियानोवादन शिक्षिका, कायम. स्वभाव : सहकार्यशील. विद्यार्थ्यांना शेतीकामास मनाई करणारे परिपत्रक लागू असून शिक्षिका त्याचे पालन करते.

त्या वर्षीचे बटाटे विद्यालयाच्या तळघरात ठेवले आहेत. किल्ली लिंद्रूसकडे असते.